बोटीवरून आलात? शिक्के राहू द्या, तारखा सांगा

साखळीजवळच्या एका वाड्यावरून प्रश्न आला आहे. विचारणारे मालवाहू बोटीवर कामाला आहेत, म्हणजे आपल्या गोव्याच्या बोलीत तारवटी. त्यांच्या मंडळाचे दर गणेश चतुर्थीला रक्तदान शिबिर असते. गेल्या वर्षी ते रांगेत उभे राहिले, फॉर्म भरला आणि टेबलावरच्या माणसाने "फॉरेनहून आलाय ना, मग नको" म्हणून त्यांना परत पाठवले. त्यांच्या मागेच उभा असलेला, दुबईहून सुट्टीवर आलेला मित्र मात्र रक्त देऊन बिस्किटे खात बाहेर आला. त्यांची लंडनला राहणारी बहीण गोव्याची सुट्टी संपवून परत गेली आणि तिथे रक्त द्यायला गेली, तर तिलाही थांबवले. कारण काय, तर ती गोव्यात जाऊन आली! यंदा हे गृहस्थ 28 जूनला ब्राझीलच्या सांतोस बंदरात बोटीवरून उतरले आणि 30 जूनला घरी पोचले. चतुर्थी ऑगस्टच्या अखेरीस आहे. ते विचारतात, "यंदा देऊ का? की बोटीवर काम करणाऱ्याने रक्तदानाचा विचारच सोडायचा? आमच्या रक्तात एवढे काय वाईट आहे?"

ओघात त्यांनी आणखी चार गोष्टी लिहिल्या आहेत आणि माझ्या दृष्टीने खरा मजकूर त्यातच आहे. गेल्या वर्षी जूनमध्ये बार्सिलोनात त्यांनी दंडावर टॅटू काढून घेतला. यंदा मार्चमध्ये बोट चार दिवस लागोसला होती, हे खाली उतरले नाहीत. पाच वर्षांपूर्वी त्यांना मलेरिया झाला होता. आणि बोटीवर चढण्यापूर्वी, नोव्हेंबरात, यलो फिव्हरची लस घेतली होती.

मी गोव्यात रक्तपेढीत वैद्यकीय अधिकारी म्हणून वीसेक वर्षे काम करतो आहे. कागदोपत्री 2020 पासून रक्तपेढीला 'रक्तकेंद्र' म्हणतात, पण बोलताना आम्ही सगळे अजून पेढीच म्हणतो. दर वर्षी पावसाळ्यात, बोटीवरची आणि आखातातली माणसे घरी येऊ लागली की हाच प्रश्न माझ्यासमोर येतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. यंदाच्या चतुर्थीला देऊ नका. ऑक्टोबर संपला की जरूर द्या. आणि तुमच्या रक्तात वाईट काही नाही.

परदेशात जाऊन आलेल्याचे रक्त घ्यायचे नाही, असा नियम आपल्याकडे नाही. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेने 2017 साली रक्तदात्यांच्या निवडीची मार्गदर्शक तत्त्वे काढली, आम्ही त्यांवर चालतो. त्यांत 'परदेश' हे कारणच नाही. कारणे आहेत ती ताप, डास, सुई, लस, शस्त्रक्रिया अशी. ही वाळपईत घडू शकतात आणि व्हॅलेन्सियातही. तेव्हा पासपोर्टावर कुठला शिक्का आहे यापेक्षा त्या मुक्कामात तुमच्या शरीरात काय शिरले असू शकेल, आणि त्याला आज किती दिवस झाले, हे आम्हाला हवे असते. टेबलावरच्या कार्यकर्त्याने या सगळ्याची गोळाबेरीज 'फॉरेन' या एका शब्दात केली. घोटाळा तिथून सुरू झाला.

तुम्ही म्हणाल, एवढे प्रश्न कशाला? रक्त घ्या, तपासा, खराब निघाले तर फेकून द्या. हे मला शिकलीसवरलेली माणसेही विचारतात. आपल्याकडे प्रत्येक पिशवीची पाच गोष्टींसाठी तपासणी सक्तीची आहे: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया. झिका त्यात नाही, वेस्ट नाईल नाही, डेंगी नाही, चिकुनगुनिया नाही. डासांमुळे पसरणाऱ्या या रोगांसाठी पेढीत यंत्र नसते. इथे तुमच्या खऱ्या उत्तरावाचून आमच्याकडे दुसरी चाचणी नाही. आणि ज्या पाचांची तपासणी होते, तिथेही लागण झाल्या दिवसापासून चाचणीत दिसेपर्यंत मध्ये काही दिवस जातात. हिपॅटायटिस सीची प्रतिपिंडे, म्हणजे रोगाविरुद्ध शरीर तयार करते ती द्रव्ये, दिसायला दोन-अडीच महिनेही लागू शकतात. त्या मधल्या दिवसांत रक्त संसर्ग पोचवू शकते आणि चाचणी मात्र 'काही नाही' म्हणते.

मलेरियाचे उदाहरण देतो, म्हणजे हिशेब डोळ्यांसमोर येईल. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. हाताखाली चांगला तंत्रज्ञ असला तरी एका मायक्रोलिटरमध्ये साधारण पन्नास परजीवी असतील तेव्हा कुठे त्याला ते सापडू लागतात. समजा तुमच्या रक्तात मायक्रोलिटरमागे दहाच आहेत. तुम्हाला ताप नाही, अंगदुखी नाही, काचपट्टी स्वच्छ. पण पिशवीत साडेतीनशे मिलिलिटर रक्त जाते, म्हणजे साडेतीन लाख मायक्रोलिटर. गुणाकार केला तर पस्तीस लाख परजीवी. ते तांबड्या पेशींच्या आत असतात आणि आमच्या फ्रीजमधल्या थंडीत काही दिवस, कधी त्याहून जास्त, तग धरतात. तुम्ही धडधाकट आहात, लहानपणापासून डास चावून घेतलेले आहात. पण ती पिशवी चढायची कुणाला? थॅलेसेमियाच्या पोराला, बाळंतपणात रक्त गेलेल्या बाईला, केमोथेरपी चालू असलेल्या आजोबांना. त्यांच्यात पस्तीस लाख पचवण्याची ताकद नसते.

आता तुमच्या मलेरियाबद्दल. आपल्या तत्त्वांनुसार मलेरिया झालेल्याने पूर्ण बरे झाल्यावर तीन महिने थांबायचे. तुमचा पाच वर्षांपूर्वीचा, त्यानंतर ताप उलटला नाही, तेव्हा तो विषय माझ्याकडे संपला. मार्चमधल्या लागोसचा विचार मात्र मी करतो. नियम मलेरिया झालेल्यांबद्दल बोलतो, नुसत्या जाऊन आलेल्यांबद्दल नाही. भारत स्वतःच मलेरियाचा देश असल्याने आपल्याकडे तसे कलम घालून चालणारही नाही, नाहीतर अर्धा देश रांगेबाहेर जाईल. पण पश्चिम आफ्रिकेतला मलेरिया बहुतेक फाल्सिपेरम जातीचा असतो, म्हणजे जीव घेणारा. म्हणून नायजेरिया, घाना, अंगोला, मोझांबिक इथून परतलेल्या माणसाला ताप आला नसला तरी मी तीन महिने थांबायला सांगतो. हा माझा निर्णय आहे, दुसरा अधिकारी दोन प्रश्न जास्त विचारून वेगळे ठरवू शकतो. 'मी उतरलोच नाही' हे मला अर्धेच पटते. धक्क्याला लागलेल्या बोटीवर डास चढतात, आणि संध्याकाळी डेकवर काम असेल तर ते चावतातही. बोट बाहेर समुद्रात नांगरून होती की धक्क्याला, हे म्हणूनच मी विचारतो. तुमच्या बाबतीत मार्चचे तीन महिने जूनमध्येच भरले, तेव्हा तीही काळजी नाही.

आफ्रिकेच्या फेरीवर बोटीवर प्रतिबंधक गोळ्या देतात, त्यांचा उल्लेख लोक फॉर्मवर करतच नाहीत, कारण त्यांना तो 'आजार' वाटत नाही. कृपा करून सांगत चला. गोळ्या रोगाला दाबून ठेवतात आणि त्यामुळे लक्षणे उशिरा दिसतात. शिवाय व्हायवॅक्स जातीचा मलेरिया यकृतात दडून बसतो आणि कित्येक महिन्यांनी डोके वर काढतो. नेहमीच्या प्रतिबंधक गोळ्यांनी तो तिथून निघत नाही.

मग मी ऑक्टोबर संपेपर्यंत थांबवतो आहे ते कशासाठी? ब्राझीलसाठी. आपल्या तत्त्वांत झिकाची साथ असलेल्या भागात किंवा वेस्ट नाईल विषाणूचा वावर असलेल्या भागात जाऊन आलेल्याला चार महिने थांबवायचे, असे कलम आहे. 2015 साली झिकाची मोठी साथ ब्राझीलमध्ये पसरली आणि 1 फेब्रुवारी 2016 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली, ते आठवत असेल. झिकाची लागण झालेल्या पाचांतल्या चौघांना काहीच होत नाही. ना ताप, ना पुरळ. त्यामुळे 'मी ठणठणीत होतो' या वाक्याने मला काही कळत नाही. आणि पिशवी गरोदर बाईला चढली तर पोटातल्या बाळाच्या मेंदूच्या वाढीवर घाला येतो. ब्राझीलमध्ये रक्तातून झिका गेल्याच्या नोंदी आहेत.

इथेही परिस्थितीनुसार फरक पडतो, हे कबूल करतो. नियमात 'साथ' असा शब्द आहे. साथ ओसरलेली असेल तर ब्राझीलला साथीचा भाग म्हणायचे की नाही, यावर दोन डॉक्टरांची दोन मते होतील. झिका तिथे मुरलेला आहे, पुरता गेलेला नाही, म्हणून मी चार महिने धरतो. सांतोसला दोन तास धक्क्यावर उभे राहून गाडीत बसलात की आठवडाभर हॉटेलात राहिलात, यानेही धोका कमीजास्त होतो. पण पेढीत बसून मी तेवढे तोलत बसत नाही. दिवस मोजतो आणि तारीख देतो. वेस्ट नाईलच्या कलमामुळे अमेरिकेतल्या मुलाकडे उन्हाळ्यात राहून आलेल्या आईवडिलांनाही मी चार महिने थांबवतो आणि ते रागावतात. "अमेरिका एवढी स्वच्छ, आणि तुम्ही आम्हाला थांबवता?" पण तो विषाणू 1999 साली न्यूयॉर्कमध्ये उगवला, 2002 साली तिथे रक्तातून गेल्याचे सिद्ध झाले आणि 2003 पासून अमेरिकेत रक्ताची त्यासाठी चाचणी होऊ लागली. आपल्याकडे ती चाचणी नाही, म्हणून आपण दिवस मोजतो.

दुबईच्या मित्राचे कोडे आता सुटायला हरकत नाही. संयुक्त अरब अमिरातीला 2007 साली मलेरियामुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले आहे. झिकाची साथ नाही. तो कार्यालयात बसून काम करणारा, ताप नाही, सुई नाही, लस नाही, आणि येऊन आठ-दहा दिवस झोप झालेली. त्याला थांबवायला कारणच नव्हते. त्याच मित्राने आखातात दात काढून घेतला असता तर सहा महिने थांबवला असता, आणि तिथे रक्त चढवून घेतले असते तर बारा महिने.

बहिणीची गोष्ट मात्र मी मुद्दाम सगळ्यांना सांगतो, कारण तिच्यामुळे हा मानापमानाचा विषय राहत नाही. ब्रिटनच्या रक्तसेवेच्या दृष्टीने आपण 'मलेरियाचा भाग' आहोत. तिथे अशा भागातून परतलेल्याने साधारण चार महिने थांबायचे आणि मग मलेरियाच्या प्रतिपिंडांची खास चाचणी करून रक्त द्यायचे, चाचणी केली नाही तर बारा महिने थांबायचे. अमेरिकेत 2020 पासून जाऊन आलेल्याला तीन महिने आणि मलेरियाच्या देशात राहिलेल्याला तीन वर्षे. गोव्यात आज मलेरिया जवळजवळ दिसत नाही, ही फार मोठी कमाई आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत पणजी आणि कळंगुट-कांदोळीच्या पट्ट्याने काय पाहिले ते माझ्या वयाच्या माणसांना माहीत आहे. तरी लंडनच्या टेबलावर बसलेली परिचारिका गाव बघत नाही, देश बघते. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते.

त्याच न्यायाने बरीच वर्षे उलटेही होते. 1980 ते 1996 या काळात ब्रिटनमध्ये तीन महिन्यांहून जास्त राहिलेल्यांचे रक्त अमेरिका घेत नव्हती. कारण होते ब्रिटनमधला गाईंचा मेंदूरोग आणि त्यातून माणसांत आलेला आजार. अमेरिकेने आणि ऑस्ट्रेलियाने ती बंदी 2022 साली उठवली, कॅनडाने 2023 साली. म्हणजे कुठलाच देश कायमचा काळ्या यादीत नसतो. धोका कुठे आहे आणि तो पकडण्याचे साधन हाताशी आहे का, यावर नियम सरकत राहतात. कोविडच्या सुरुवातीला परदेशातून आलेल्याला आम्ही 28 दिवस थांबवत होतो. आज तो प्रश्न फॉर्मवर कुणी विचारत नाही. आणि थांबवायला परदेशच लागतो असेही नाही. आपल्या सत्तरी तालुक्यात 2015 पासून माकडताप आहे. जंगलात काजूच्या बागेत काम करणाऱ्याला ताप येऊन गेला असेल तर त्याची चौकशीही मी तितक्याच बारकाईने करतो, आणि त्याने कधी पासपोर्ट पाहिलेलाही नसतो.

टॅटूकडे येतो. गेल्या वर्षी तुम्हाला परत पाठवले ते कशामुळे, याचा माझा अंदाज सांगतो. टॅटू, कान-नाक टोचणे, अ‍ॅक्युपंक्चर, यांनंतर बारा महिने रक्त घेत नाहीत. जून ते सप्टेंबर म्हणजे तुमचा टॅटू तीन महिन्यांचा होता. तुम्ही फॉर्मवर प्रामाणिकपणे 'होय' लिहिले, डॉक्टरांनी त्यावर खूण केली, आणि ती खूण कार्यकर्त्यापर्यंत पोचेपर्यंत 'फॉरेन' झाली. निर्णय बरोबर होता, कारण चुकीचे सांगितले गेले. त्या एका चुकीच्या वाक्यामुळे तुम्ही वर्षभर 'आम्ही चालत नाही' असे मनात घेऊन बोटीवर गेलात, याचे मला खरेच वाईट वाटते. दात्याला थांबवताना त्याला कारण आणि परत येण्याची तारीख दोन्ही मिळाली पाहिजेत. ते काम डॉक्टरचे किंवा समुपदेशकाचे आहे, मांडवातल्या कार्यकर्त्याचे नाही. तुम्हीही पुढच्या वेळी ठामपणे विचारा, "कशासाठी, आणि कधीपर्यंत?"

तारवट्यांचा टॅटू आणि लस हे दोन विषय मी कधीच सोडत नाही. यलो फिव्हरची लस तुमच्यापैकी बरेच जण मुरगावच्या पोर्ट हेल्थमध्ये घेता. ती जिवंत विषाणूची लस आहे, म्हणून 28 दिवस थांबायचे. हे उगीच नाही. अमेरिकेत 2009 साली लष्करातल्या काही नव्या जवानांनी ती लस घेऊन चारच दिवस झाले असताना रक्तदान केले, आणि लसीतला विषाणू रुग्णांपर्यंत पोचल्याचे पुढे तपासात दिसले. सुदैवाने कुणाला गंभीर इजा झाली नाही. टायफॉइडचे इंजेक्शन, धनुर्वात, हजला जाणाऱ्यांची मेंदुज्वराची लस, अशा मृत लसींना 14 दिवस पुरतात. कुत्रा चावल्यावर घेतलेल्या रेबीजच्या इंजेक्शनांना मात्र एक वर्ष. पिवळ्या कार्डावर लसीची तारीख असते, ते खिशात ठेवा. तुमची लस नोव्हेंबरातली, तिचा प्रश्न नाही.

परदेशी मुक्कामात डेंगी किंवा चिकुनगुनिया झाला असेल तर पूर्ण बरे झाल्यापासून सहा महिने, टायफॉइड असेल तर बारा महिने. बाली-थायलंडला आठवड्याची सहल करून येणारी जोडपी यांतच अडकतात. एकाला डेंगी, दुसऱ्याच्या पायावर फुलपाखराचा टॅटू.

आता एक प्रसंग सांगतो, तो माझ्याच शिबिरातला आहे. पेडण्याकडे जत्रेच्या मंडपात शिबिर होते. मंडप छोटा, म्हणून आम्ही चौकशीचे टेबल रांगेला अगदी खेटून लावले होते. एक तिशीतला मुलगा दोन मित्रांच्या मधोमध उभा. मी विचारले, तीन महिन्यांत ताप? त्याने मित्रांकडे पाहिले आणि म्हणाला, "नाही डॉक्टर." परदेशात होता? "हो, पण काही नाही." हिमोग्लोबिन उत्तम, रक्तदाब उत्तम, पिशवी भरली. रात्री साडेनऊला पेढीच्या फोनवर तो होता. आवाज इतका खाली की मला दोनदा विचारावे लागले. "डॉक्टर, माझ्या पिशवीचा नंबर सांगू? ती वापरू नका. मी अंगोलाहून येऊन पंधरा दिवस झालेत. तिथे ताप आला होता, गोळ्या खाल्ल्या. मित्रांसमोर बोललो नाही." पिशवी अजून तपासणी न झालेल्या पिशव्यांच्या फ्रीजमध्येच होती. मी स्वतः उठून ती काढली, नोंद केली, नष्ट करायला वेगळी ठेवली. मग त्याला परत फोन केला आणि सकाळी मलेरियाच्या तपासणीला बोलावले. तो आला.

त्याने जे केले त्याबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे. चूक माझी होती, चार माणसांच्या कानांवर पडेल अशा जागी मी त्याला खाजगी प्रश्न विचारले. त्या दिवसापासून माझ्या शिबिरात चौकशीची खुर्ची कोपऱ्यात असते, रांगेकडे पाठ करून. मंडप कितीही लहान असो. आणि प्रत्येक दात्याला मी सांगतो: घरी गेल्यावर काही आठवले, दोन दिवसांत ताप आला, किंवा मनात शंका राहिली, तर कार्डावरच्या नंबरावर फोन करा. नाव नको, पिशवीचा क्रमांक सांगितला तरी पुरे. कुणी तुम्हाला रागावणार नाही.

बोटीवरच्या माणसांसाठी शरीराच्या थकव्याबद्दलही थोडे. विमान पहाटे मोपाला उतरले आणि नऊला मंडळाच्या शिबिरात हजर, असे करणारे उत्साही लोक मी पाहिले आहेत. दोन रात्री झोप नाही, विमानात पाणी कमी प्यालेले, आणि त्यात साडेतीनशे मिलिलिटर रक्त काढले की माणूस खुर्चीवरून उठतानाच कोसळतो. आठवडाभर जेवा, झोपा, मग या. रिकाम्या पोटी येऊ नका. तयेचा, म्हणजे हरतालिकेचा, उपवास धरलेल्या बायका दुसऱ्या दिवशी आरत्या होईपर्यंत नीट जेवलेल्या नसतात, त्यांना मी चतुर्थीच्या दिवशी रक्त द्यायला बसवत नाही. परत बोटीवर चढण्याच्या तोंडावरही देऊ नका. उंचीवर, पाण्यावर किंवा कष्टाचे काम करणाऱ्याने कामाआधी किमान 24 तास मोकळे ठेवावे असा नियम आहे. मला तारवट्यांच्या बाबतीत ते फार कमी वाटतात. इंजिन रूमच्या शिड्या, उकाडा, आणि त्याआधी कंपनीची मेडिकल, तिथे हिमोग्लोबिन खाली दिसले तर नसती कटकट. तीन-चार आठवडे आधी द्या, म्हणजे शरीर भरून निघते.

तेव्हा तुमचा हिशेब असा. टॅटूला जूनमध्ये वर्ष पूर्ण झाले. मलेरिया जुना. लागोसचे तीन महिने उलटून गेले. लस जुनी. उरले ते फक्त ब्राझीलचे चार महिने. 30 जून धरला तर ते 30 ऑक्टोबरला भरतात. मध्येच ताप आला तर त्याचे निदान काय होते त्यावर पुढची तारीख ठरेल. तसे काही झाले नाही, वजन 45 किलोच्या वर आणि हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर असेल, आणि याआधीच्या रक्तदानाला तीन महिने झाले असतील, तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही बसू शकता. डिसेंबरात परत चढायचे असेल तरी हातात चार आठवडे राहतात.

येताना तुमचे सीडीसी पुस्तक, म्हणजे बोटीवरच्या नोकरीची नोंदवही, आणा. त्यात चढल्या-उतरल्याच्या तारखा असतात, मला तेवढ्या पुरतात. पिवळे कार्ड आणा. मधल्या बंदरांची नावे आठवतील तशी कागदावर लिहून आणा, आणि त्यांपैकी कुठे खाली उतरलात तेही. शिबिराची वाट बघू नका, बांबोळीला, म्हापशाला किंवा मडगावला सरकारी रुग्णालयात सरळ या. चतुर्थी संपली की शिबिरे विरळ होतात आणि ऑपरेशने मात्र थांबत नाहीत, तेव्हा त्या दिवसांत आलेली पिशवी आम्हाला जास्त लागते. त्रिपुरारी पौर्णिमेला विठ्ठलापूरच्या नौका बघायला तुम्ही जालच. त्याच्या आगेमागे एका सकाळी पोटभर नाश्ता करून निघा.